वीस मिनिटं न हलवता

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या तिन्ही अवतारांबद्दल लिहा." आधी मी मिरजेत फिजिशियन होतो, म्हणजे चाकू न चालवता गोळ्या-इंजेक्शनांवर भागवणारा डॉक्टर. मग साताऱ्याकडच्या एका मोठ्या रुग्णालयाचा अधीक्षक झालो. आणि केस पिकल्यावर मुंबईच्या एका समितीवर गेलो, जिथं खेडोपाडीच्या दवाखान्यांनी काय करावं याचे नियम ठरतात. पहिल्या अवतारात मी माणसं तपासली, दुसऱ्यात फायली, तिसऱ्यात नकाशे. माझी बायको म्हणते, दर बढतीला तुम्ही पेशंटपासून एकेक जिना वर चढलात, आता फक्त गच्ची राहिली.

संपादकांना माझी कर्तबगारी हवी असावी. ती माझ्या सत्कारांच्या भाषणांत येऊन गेलेली आहे, आणि त्यातली बरीचशी भाषणं मीच लिहून दिलेली होती. त्यामुळे ती इथं पुन्हा नको.

माझा स्वभाव कळावा म्हणून अधीक्षकपदाचा एकच प्रसंग सांगतो. एकदा मी सकाळी दहाच्या ठोक्याला वॉर्डातली सगळी बिनकामाची माणसं बाहेर काढली. त्यात पाण्याची मोटर दुरुस्त करायला आलेला मिस्त्रीही होता. तो रागावून गेला तो संध्याकाळी उगवला. दिवसभर सर्जन मंडळी हात धुवायला बादल्या घेऊन रांगेत. यावरून मी शिकलो काय, तर पुढच्या आदेशाची भाषा आणखी कडक ठेवायची.

असा माणूस समितीवर गेला की काय होतं, त्याची ही हकिकत. एकाच दुपारची आहे.

साप चावल्यावर द्यायचं औषध असतं. त्याच्या बोटाएवढ्या काचेच्या कुप्या येतात, आत पांढरी पूड. विषाची लक्षणं दिसली की सुरुवातीलाच दहा कुप्या शिरेतून द्याव्या लागतात. दोन-चार देऊन भागत नाही. पूर्वी प्रत्येक लहान आरोग्य केंद्राच्या कपाटात थोड्या थोड्या कुप्या असत. जिथं साप चावत तिथं पुरत नसत. जिथं चावत नसत तिथं मुदत संपून फेकल्या जात. मी समितीत रंगीत नकाशा लावला आणि म्हटलं, लहान केंद्रांतल्या सगळ्या कुप्या गोळा करा आणि मोठ्या दवाखान्यांत एकत्र ठेवा. रस्ते आता चांगले झालेत. पेशंटला तिकडं पोचवा. कुणीतरी विचारलं, वाटेत काही झालं तर? मी म्हटलं, नकाशा पाहा. सगळ्यांनी नकाशा पाहिला. त्यावर फक्त अंतरं होती, माणसं नव्हती, त्यामुळे कुणालाच हरकत दिसली नाही.

वर आणखी एक नियम मी स्वतःच्या हातानं घातला, अकरावा. कुपी दाखल झालेल्या रुग्णाच्या नावावरच बाहेर काढायची आणि त्याच इमारतीत वापरायची. याला कारण होतं. अधीक्षक असताना शेजारच्या दवाखान्याला मी भोळेपणानं कुप्या उसन्या दिल्या होत्या आणि त्या परत आल्याच नव्हत्या. तो राग मी साऱ्या राज्यावर काढला.

पुढं निवृत्त झाल्यावर हा नियम प्रत्यक्षात कसा चाललाय ते पाहून अहवाल द्यायचं काम समितीनं मलाच दिलं. परीक्षा माझी, पेपर मी काढलेला, तपासणारही मीच. खुशीत गाडी काढली आणि आटपाडीच्या बाजूच्या एका लहान आरोग्य केंद्रात जाऊन पोचलो. गावाचं नाव सांगत नाही. चूक माझी होती, गावाची बदनामी नको.

केंद्रात कांबळे सिस्टर एकट्याच होत्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, चष्म्यावरून बघायची सवय असलेल्या.

"डॉक्टर कुठं आहेत?"

"तालुक्याला गेलेत. तुमच्या सत्काराची शाल आणि श्रीफळ आणायला."

"आणि रुग्णवाहिका?"

"तीच घिऊन गेलेत."

मी यावर कडक शेरा मारायला हवा होता. पण शाल म्हटल्यावर माणूस मऊ होतो. खुर्चीत बसलो, चहा घेतला. समोरच्या भिंतीवर साप चावल्यावर काय करावं याचा तक्ता लावलेला. खाली माझी छापील सही. तो मी दोनदा वाचला.

तेवढ्यात फाटकातून एक मोटारसायकल सरळ व्हरांड्यापर्यंत आली. चालवणारा साठीचा, पण ताठ, मिशा टोकदार. त्याच्या पाठीशी एक तरुण बाई, पंच्यानं त्याच्या कमरेला बांधलेली, वाटेत पडू नये म्हणून. हँडलला रंगाचा जुना डबा लटकलेला. सिस्टरांनी आणि त्यानं मिळून तिला उचलून आत कॉटवर निजवलं.

"हवालदार खरात," त्यानं मला उभ्या उभ्या सांगितलं. "तीस वर्सं लष्करात ट्रक हाकल्यात. ही माजी सून, सुनीता. डाळिंबाच्या बागंत वाळका पाला वडत व्हती. पायाला चावलं. अर्धा तास झाला असंल. जनावर मारून आणलंय." त्यानं डबा माझ्यापुढं केला. "पोरगा सरहद्दीवर हाय. त्येला फोन केला न्हाई अजून. काय सांगायचं ते तुमी सांगा."

सुनीता अठ्ठावीस-तीसची असेल. घोट्याच्या वर बुटाची नाडी करकचून आवळलेली, खाली पाऊल सुजलेलं, त्यावर हळद आणि चुना थापलेला. दातांचे ठसे दिसायची सोय नव्हती. ती काही बोलत नव्हती, नुसती माझ्या तोंडाकडं बघत होती.

आता मी डब्यात बघितलं. इथं जरा समजावून सांगायला हवं. आपल्याकडं घोणस हा अतिविषारी साप. जाड अंगाचा, पाठीवर साखळीसारखे ठिपके. आणि डुरक्या घोणस म्हणून दुसरा एक साप आहे, तसाच जाड, तसाच ठिपक्यांचा, पण बिनविषारी. भल्याभल्यांची गल्लत होते. ओळखायची एक खूण म्हणजे शेपटी: डुरक्याची आखूड आणि बोथट, घोणसाची निमुळती होत गेलेली. मी यावर मिरजेत वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना व्याख्यान दिलेलं.

डब्यातल्या सापाचं डोकं फावड्यानं चेचलेलं होतं. ठिपके मातीनं माखलेले. शेपटी मात्र स्पष्ट दिसत होती. आखूड, बोथट.

"डुरक्या घोणस," मी जाहीर केलं. "बिनविषारी. काळजीचं कारण नाही."

"आणि सूज?" सिस्टर म्हणाल्या.

"नाडी एवढी आवळल्यावर कुणाचाही पाय सुजेल."

हवालदारांचे खांदे एकदम खाली आले. खिशातून फोन काढून ते व्हरांड्यात गेले. आत ऐकू येत होतं. "व्हय, चावलं हुतं, पर बिनविषारी हाय. मुंबईचं मोठं डॉक्टर हाइत हितं, त्येनी सोता बघितलं. तू ड्यूटी कर." पाठोपाठ गावातली दहा-बारा माणसं गोळा झाली आणि दारात उभी राहिली.

सिस्टर माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, तरीबी वीस मिनिटांची चाचणी लावू. तक्त्यात लिहिलंय."

"लावा की," मी म्हणालो. मनात म्हटलं, चार लोकांसमोर आपला तक्ता वापरला जातोय, वाईट काय.

ही चाचणी अगदी साधी. थोडं रक्त काढून कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घालायचं आणि वीस मिनिटं न हलवता ठेवायचं. मग एकदाच नळी तिरकी करायची. रक्त गोठून जागच्या जागी राहिलं तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं, तर विषानं रक्ताची गोठायची ताकदच मोडलीय, आणि माणूस आतून कुठूनही वाहायला लागू शकतो. यंत्र नको, वीज नको. फक्त वीस मिनिटं हात आवरायचे.

सिस्टरांनी सुनीताच्या डाव्या हातातून रक्त काढलं, कापसाचा बोळा दाबून कोपर दुमडून दिलं, नळी स्टँडवर ठेवली आणि घड्याळ बघून वेळ लिहिली. आवळलेली नाडी एकदम सोडायची नसते, म्हणून ती त्या हळूहळू सैल करायला लागल्या.

मी दारातल्या लोकांकडं वळलो. माणसं समोर उभी आहेत, ऐकतायत, आणि मी गप्प बसलोय, असं माझ्या आयुष्यात घडलेलं नाही. मी त्यांना सापांचे प्रकार सांगितले. मांत्रिकाकडं जाऊ नका सांगितलं. नाड्या आवळू नका सांगितलं. एक आजोबा म्हणाले, "आवं पण रक्तावरनं कसं कळतंय?" मी म्हटलं, दाखवतो. आणि स्टँडवरची नळी उचलून त्यांच्या नाकासमोर धरली, इकडं तिकडं केली. रक्त डुचमळलं.

"साहेब," सिस्टर म्हणाल्या. "नळी खाली ठेवा."

मी ठेवली.

"आठ मिनिटं झाली हुती. हलवली न्हाई का तुमी? आता तिचा काय उपयोग न्हाई. दुसरी लावायला लागंल." मग माझ्याकडं न बघता, भिंतीकडं बघून, "ज्येनी तक्ता लिहिला त्येनी तरी वाचावा."

दारातलं कुणीतरी खुदकन हसलं. मीही हसलो. मला अजून हसू येत होतं, एवढाच या वाक्याचा अर्थ.

दुसऱ्यांदा रक्त काढायला सिस्टरांनी सुनीताचं डावं कोपर सरळ केलं. मघाचा बोळा भिजून लाल झालेला. तो काढला तर सुई टोचलेल्या जागेतून रक्ताची बारीक धार निघाली आणि मनगटापर्यंत ओघळली. दाबून धरलं की सुईच्या भोकातलं रक्त थांबायला दोन-तीन मिनिटं पुरतात. सिस्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मग सुनीताचा खालचा ओठ अंगठ्यानं खाली ओढला. हिरड्यांच्या कडेनं रक्त भरलेलं.

आता दुसऱ्या नळीची गरज उरली नव्हती.

"कुप्या," मी म्हणालो. तोंडातून सवयीनंच गेलं.

"कुठल्या कुप्या? तुमी गोळा करून नेल्या की."

मी रक्तदाब घेतला. उतरायला लागला होता. एकशे आठला फोन लावला. त्यांची गाडी यायला आमच्या जाण्याइतकाच वेळ लागणार होता. मोठा दवाखाना पाऊण तासावर. नकाशावर ते अंतर माझ्या करंगळीच्या पेराएवढं होतं.

माझ्याच गाडीत सुनीताला मागच्या सीटवर आडवं केलं. सलाईन, सुया, आणि औषधाची उलटी प्रतिक्रिया आली तर द्यायचं इंजेक्शन भरून सिस्टर तिच्या उशाशी बसल्या. मी चालवायला पुढं बसलो. पहिल्याच झटक्यात गाडी बंद पडली. दुसऱ्यांदाही. हवालदारांनी माझ्या बाजूचं दार उघडलं.

"व्हा तिकडं."

मी झालो. तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस काय असतो ते पुढच्या दोन वळणांत कळलं. मी शेजारी बसून मोठ्या दवाखान्याला फोन लावला. तिथले डॉक्टर सिझेरियन करत होते. औषधांच्या कपाटाची किल्ली असलेले फार्मासिस्ट फोनवर आले, मुल्ला नावाचे. मी कोण, काय झालंय ते सांगितलं आणि म्हटलं, "दहा कुप्या घेऊन आमच्या रस्त्यानं निघा. अर्ध्या वाटेत भेटू. वीस मिनिटं वाचतील."

"साहेब, नियम अकरा," मुल्ला म्हणाले.

"मला माहीत आहे नियम अकरा. मीच लिहिलाय तो."

"मग तर तुमाला ठावंच असंल साहेब. दाखल रुग्णाच्या नावावर, त्याच इमारतीत. मागच्या तपासणीला एका कुपीवरनं माझी दोन वेळा चौकशी झाली. माजी नोकरी हाय."

"मी जबाबदारी घेतो."

"लेखी देताय का?"

चालत्या गाडीत लेखी काय देणार? त्या माणसाची काहीच चूक नव्हती. आडमुठेपणा त्याचा नव्हता. तो मीच त्याच्या कपाटाला लावून आलो होतो. मी घशातल्या घशात काहीतरी म्हणत असताना मागून हात आला आणि सिस्टरांनी फोन काढून घेतला.

"मुल्लाभाऊ, मी कांबळे. केसपेपर काढ. लिही. सुनीता खरात, वय अठ्ठावीस. सर्पदंश. दाखल करून घेतलं."

"बाई हाय कुठं पण?"

"वाटंत हाय."

"कुठल्या वाटंत?"

"तू निघालास की तुज्याच वाटंत."

फोनमधून किल्ल्यांचा खुळखुळाट ऐकू आला. मग मुल्ला म्हणाले, "बाई, त्या सायबास्नी सांगा, मी त्येंचा नियम मोडत न्हाई. दवाखानाच जरा फुडं आणतोय."

गाडी उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकली, सुटली. मागं सुनीताला उलटी झाली. सिस्टरांनी नुसतं सांगितलं, "लाल हाय." समोर डॅशबोर्डवर हवालदारांचा फोन वाजायला लागला. पोराचा. त्यांनी बघितलं आणि नजर पुन्हा रस्त्यावर नेली. फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला. मी उचलू शकलो असतो. मी उचलला नाही.

फोन थांबल्यावर मला काहीतरी विचारावंसं वाटलं. जे केंद्रात विचारायला हवं होतं ते आत्ता विचारलं.

"हवालदार, त्या सापाची शेपटी... तशीच होती का?"

"न्हाई वो. पयला घाव चुकला. शेपटावर बसला. शेपूट तिकडंच बांधावर ऱ्हायलं." त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं, एकदाच. "का?"

"काही नाही," मी म्हणालो.

डब्यात मला जी दिसली ती डुरक्याची शेपटी नव्हती, फावड्यानं तोडलेलं टोक होतं. आणि वर्षानुवर्षं मी व्याख्यानात सांगत आलो होतो, मुलांनो, साप बघून अंदाज करू नका, पेशंट बघा.

एका फाट्यावर बाभळीच्या सावलीत मुल्ला मोटारसायकल लावून उभे होते. जाड चष्मा, गळ्यात जेवणाच्या डब्याची पिशवी. आत टॉवेलात गुंडाळलेल्या दहा कुप्या. पण कुपी हातात आली म्हणजे औषध हातात आलं असं नाही. पुडीत पाणी सोडून ती विरघळवायची, आणि तीही हलवून नाही. हलवली की फेस होतो, औषध बिघडतं. दोन तळव्यांत धरून हळूहळू फिरवत राहायची. एकेक कुपी जीव खाते.

म्हणून त्या फाट्यावर मी, हवालदार आणि मुल्ला असे तीन पुरुष रस्त्याकडेला उभे राहून तळव्यांत कुप्या फिरवत होतो. येणारे-जाणारे बघत होते. एक दुचाकीवाला थांबून म्हणाला, "काय हो, काय करताय?" हवालदार म्हणाले, "हो फुडं." मी घाईत कुपी जोरात फिरवायला लागलो तसा मुल्लांनी माझा हात धरला. "दमानं साहेब. पुन्हा हलवू नगा." म्हणजे आठव्या मिनिटाची बातमी आमच्या आधी तिकडं पोचलेली होती.

सिस्टरांनी एकेक कुपी सलाईनमध्ये सोडली. बाटली हवालदारांनी उघड्या दारात उंच धरली, खांबासारखा हात करून. थेंब सुरू झाले. मी सुनीताची नाडी धरून बसलो. पाच-सात मिनिटं ठीक गेली. मग ती मान खाजवायला लागली. गळ्यावर गांधी उठल्या. श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला. हे औषध घोड्याच्या रक्तापासून होतं. काहींच्या अंगाला ते सोसत नाही, आणि न सोसल्यास विषाआधी औषधच माणसाला नेतं. मी थेंब बंद केले. सिस्टरांनी भरून ठेवलेलं इंजेक्शन साडीवरूनच मांडीत दिलं.

त्यानंतरची मिनिटं मला मोजता आली नाहीत. मिरजेत मी अशी प्रतिक्रिया कितीदा हाताळली असेल, पण तिथं ऑक्सिजन होता, चार माणसं होती, आणि माझ्यामुळं उशीर झालेला नसायचा. सुनीताचे ओठ निळसर झाले. हवालदारांचा बाटली धरलेला हात खाली आला नाही. ते कुणाकडंच बघत नव्हते. मुल्ला बाभळीकडं तोंड करून उभे.

मग शिट्टी बारीक झाली. तिनं एक मोठा श्वास घेतला, खोकली, आणि म्हणाली, "पाणी."

"पाणी न्हाई मिळायचं इतक्यात," सिस्टर म्हणाल्या आणि तिच्या कपाळावरचा घाम आपल्या पदरानं टिपला. "साहेब, आता हळू चालू करा."

मी हळू चालू केलं. त्या दिवसात दुसऱ्यानं सांगितल्याप्रमाणं मी केलेलं ते पहिलं डॉक्टरी काम.

मुल्ला पुढं आणि आम्ही मागं असे दवाखान्यात पोचलो. तिथून संध्याकाळी सुनीताला मिरजेला हलवलं. रक्त गोठायला लागलं, पण विषानं मूत्रपिंडं पकडली होती. आधी औषध मिळालं असतं तर पकडली नसती का? मला विचाराल तर बहुतेक नसती. किती आधी, तर माझ्या व्याख्यानाइतकं आधी, आणि त्यात ज्या कुप्या कपाटात नव्हत्या त्यांच्यापायी गेलेला वेळ मिळवायचा. पुढं कित्येक आठवडे तिला डायलिसिसवर ठेवावं लागलं. ती वाचली, मूत्रपिंडंही सावरली. पण ते आठवडे तिचे गेले. सरहद्दीवरचा नवरा रजा काढून तिच्या पायाशी बसून राहिला.

इकडं मुल्लांना नोटीस आली. गैरहजर रुग्णास दाखल दाखवून कुप्या इमारतीबाहेर नेल्याबद्दल खुलासा करावा. त्यांनी ती मला दाखवली. नोटिशीची सगळी भाषा माझीच होती, स्वल्पविरामासकट. आणि समितीकडून माझ्यामागं तगादा: अहवाल कधी?

मुल्लांची नोटीस मागं घेतली गेली, नियम अकरा रद्द झाला, लहान केंद्रांच्या कपाटांत पुन्हा दहा-दहा कुप्या आल्या, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुमचा जीव त्यांच्यात अडकून राहील. पण ते झालं ते अहवालामुळं, आणि तो अहवाल मी आधी वेगळाच लिहिला होता.

पहिला मसुदा उत्तम होता. वाहतुकीतल्या अडचणी, समन्वयाचा अभाव, फेरविचाराची गरज. सापाबद्दल त्यात एकच ओळ होती: सदर साप प्रथमदर्शनी बिनविषारी असल्याचे समजण्यात आले. कोण समजलं ते कुठंही नव्हतं. नळीचा तर उल्लेखच नव्हता. वाचून कुणालाही वाटावं, त्या दुपारी केंद्रात मी नव्हतोच. सही करून पाकीट बंद करायच्या आधी, वाटेतच आहे म्हणून, मिरजेला सुनीताला बघायला गेलो.

ती उशीला टेकून बसली होती. चेहऱ्याची सूज उतरलेली. नवरा औषधं आणायला खाली गेलेला. शेजारच्या स्टुलावर हवालदार डाळिंब सोलत होते. मला बघून उठले, स्टूल मला दिलं. मी काय काय विचारलं, लघवी किती होते, भूक लागते का. तिनं उत्तरं दिली. मग म्हणाली, "साहेब, एक सांगू का?"

"सांग की."

"तुमी त्या दिवशी लोकास्नी समजावून सांगत व्हता न्हवं, नळी हातात घिऊन. तवा माज्या तोंडात खारट लागत व्हतं. त्येच्या आदीपासनंच."

खारट म्हणजे रक्त. हिरड्यांतून यायला लागलेलं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी म्हणला, बिनविषारी हाय. मला वाटलं, भ्याल्यामुळं लागत असंल." ती चादरीची कड बोटानं सरळ करत होती. "यवढं मोठं डॉक्टर बोलाय लागल्यात, त्येंच्या मदी मी कशाला बोलू?"

ती तक्रार करत नव्हती. आपलीच काहीतरी चूक झाली असावी अशा आवाजात सांगत होती. हवालदार डाळिंब सोलायचे थांबले होते. त्यांनी सोललेले दाणे वाटीत घातले आणि वाटी माझ्याकडं केली, पाहुणा म्हणून, पहिल्यांदा मला.

मी चार दाणे घेतले. खाली आलो. औषधाच्या खिडकीसमोर बाकडं होतं, त्यावर बसलो. पिशवीतून मसुदा काढला, शेवटचं पान उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला घेतलं.

'रुग्ण आली तेव्हा केंद्रात मी हजर होतो. साप मी पाहिला आणि बिनविषारी ठरवला. तो घोणस होता. रक्ताची नळी आठव्या मिनिटाला मी हलवली. रुग्णाला काय होते आहे, हे मी तिला विचारले नाही.'